टाक माझ्याकडंच आहे, मामा

मामा,

तुम्ही गेल्याची तार हातात पडली तेव्हा मला आधी भीती वाटली, रडू नंतर आलं. हे सांगायला लाज वाटते, पण तुमच्यापासून लपवलेलं आजवर माझं काय टिकलं? कचेरीत टँकरच्या मागणीअर्जांचा ढीग पुढ्यात होता. शिपायानं तार आणून दिली, मी वाचली, आणि मनात पहिली गोष्ट आली ती ही की आता माझ्या पोरीचं काय होणार. शांता गेल्यावर साडेचार वर्षं तुम्ही माझी अंजू सांभाळलीत. सासरा म्हणून ते तुमच्यावर बंधनकारक नव्हतं. आणि ह्या उन्हाळ्यात परीक्षा झाली की तिला माझ्या हवाली करतो असा शब्द मला दिलात. मला एकट्याला दिलात, मामा. तिथं दुसरं चिटपाखरू नव्हतं. मामींना सांगायच्या आधीच तुम्ही बाजेवर आडवे झालात आणि उठला नाहीत. असं कुणी करतं का?

मी भित्रा माणूस आहे हे तुम्ही सोयरीक जुळवतानाच ओळखलं होतं. रेणापूरच्या आमच्या घरी तुम्ही बघायला आलात, तेव्हा माझ्या हातातली कपबशी वाजत होती. काका मला डोळ्यांनी दटावत होते. तुम्ही चहा पिऊन झाल्यावर काकांना म्हणालात, "पोरगं घाबरट हाय. म्हंजे माझ्या पोरीवर हात उचलायचं न्हाई." एवढ्यावर तुम्ही शांता दिलीत. लोक जावयाचं शिक्षण बघतात, जमीन बघतात. तुम्ही माझी भीती बघून पोरगी दिलीत, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

तुमच्या नजरेला मी टरकून असायचो त्याला कारण होतं. भोकरच्या आजूबाजूच्या खेड्यांतून तीस वर्षं तुम्ही सायकलवर डाक वाटली. अर्ध्या लोकांना वाचता येत नव्हतं, तेव्हा पत्र पोचवायचं आणि वाचूनही दाखवायचं. कुणाचा पोरगा हैदराबादेत काय करून राहिला, कुणाची लेक सासरी कशी आहे, सगळं तुमच्या तोंडून गावाला कळायचं. तुम्ही मला एकदा सांगितलं होतं की खोटं लिहिणारा माणूस 'इकडील सर्व क्षेम आहे' हे दोनदा लिहितो, एकदा वर आणि एकदा खाली. तेव्हापासून तुम्हाला पत्र लिहिताना मी ते वाक्य लिहायचंच सोडून दिलं. तर तुम्ही विचारलंत, हल्ली क्षेम लिहीत नाही, काही बिघडलंय का?

शांताला कावीळ झाली आणि नांदेडच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी ती गेली. त्यावर मी जास्त लिहिणार नाही, तुम्ही तिथं होतात. मला आठवतं ते ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुमच्या अंगणातलं बोलणं. तुम्ही म्हणालात, "तुम्ही एकटा गडी. पोरीची वेणी कोण घालील?" अडीच वर्षांच्या पोरीला वेणी कसली, चार केस. अंजू मामींच्या मांडीवर राहिली आणि मी रिकाम्या हातानं परतलो. पुढं दर महिन्याला बस बदलत बदलत मी यायचो, तेव्हा ती मामींच्या पदराआड जायची आणि मला 'लातूरचे बाबा' म्हणायची. जणू आणखी कुठले बाबा होते. दर खेपेला फाटकातून आत पाय टाकताना मला वाटायचं की ह्या वेळी ती मला ओळखणारच नाही.

लातूरला मी कसा आलो ते तुम्हाला ठाऊक आहे, पण कसा राहिलो ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. जिल्हा नवा झाला, कचेऱ्या निघाल्या, माणसं पाहिजे होती. रेणापूरच्या सोसायटीत वह्या लिहिणारा मी, मला लिपिकाची ऑर्डर आली. पाटी नवी, टेबलं नवी, साहेब नवे. जुना मी एकटाच. गंजगोलाईच्या बाजारामागं एक खोली घेतली. पहिल्या दिवशी भाकरी थापली ती परातीलाच चिकटून बसली. खानावळीत जायची लाज वाटायची, कारण तिथं सगळी कॉलेजची पोरं, आणि मी बत्तीस वर्षांचा बाप्या, समोरच्या भिंतीकडं बघत जेवायचो. पायजमा सोडून पँट शिवली. ती घालून तुमच्याकडं आलो तर तुम्ही वरून खाली बघितलंत आणि म्हणालात, ह्या नळकांड्यात पाय अडकला तर सायकलवरून पडाल, बापू. मी म्हणालो, मला सायकल येतच नाही. तुम्ही हसला नाहीत. शांता गेल्यावर तुमच्या घरात मी नीटनेटका दिसणं बरं की वाईट, हेच मला कळेना. बरा दिसलो तर वाटायचं तुम्ही म्हणाल, हा सावरला वाटतं. पडेल तोंडानं आलो तर म्हणाल, ह्याच्याकडं पोर कशी द्यायची?

मग टायपिंगची अट आली. ठरल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास झालो नाही तर नोकरीवर गदा. मी क्लास लावला. विमल तिथं शिकवायची. तिचं नाव तुमच्या घरात मी कितीतरी महिने उच्चारलं नाही, म्हणून आता मोकळेपणानं सांगतो. एकतीस वर्षांची, बिनलग्नाची; बाप लवकर गेला म्हणून पाठच्या भावंडांचं करता करता हिचं राहून गेलं होतं. मी दोन बोटांनी अक्षरं शोधत बसायचो. तिनं एक दिवस माझ्या हातांवर आणि यंत्रावर मिळून एक फडकं टाकलं आणि म्हणाली, बघू नका, बोटांना कळतं. न बघता काही करायचं म्हणजे माझ्यासारख्याच्या जिवावर येतं. पण महिन्याभरात बोटं चालायला लागली, मामा. त्या फडक्याखाली माझे हात माझ्यापेक्षा धीट निघाले.

पहिल्या खेपेला नापास झालो, दुसऱ्या खेपेला पास. पास झाल्यावरही मी रोज संध्याकाळी क्लासला जाऊन बसायचो. तिनं आठवडाभर बघितलं आणि मग सगळ्यांदेखत विचारलं, पास झालात ना, मग कशाला येता? मी म्हणालो, सराव राहावा म्हणून. ती म्हणाली, सरावाचे पैसे वेगळे पडतात. पोरं हसली. मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तीच माझ्या कचेरीत आली, टँकरच्या अर्जांच्या रांगेत उभी राहिली, आणि नंबर आल्यावर हळूच म्हणाली की उद्यापासून या, पैसे नको. एवढ्या साध्या गोष्टीनं माझं आयुष्य बदललं. त्या वेळी शहरात आठ-आठ दिवस नळाला पाणी नव्हतं, लोक ड्रम घेऊन रस्त्यावर उभे, आणि मी आपला खुळ्यासारखा खूश होतो. खूश झालो की लगेच भीती वाटायची. वाटायचं शांता बघून राहिली असंल. तुम्ही तर नक्कीच बघून राहिला असाल.

लग्नाचं मी तुम्हाला अंतर्देशीय पत्रानं कळवलं. कार्ड लिहिलं नाही, कारण असल्या गोष्टी कार्डावर लिहीत नसतात हे तुम्हीच शिकवलं होतं. पंधरा दिवस उत्तर नव्हतं. त्या पंधरा दिवसांत मी दोनदा आजारी पडलो. मग तुम्ही स्वतःच आलात, लातूरला, पहिल्यांदा आणि शेवटचं. विमल घरी नव्हती. खुर्चीवर बसलात, पाणी वरूनच, मोजकं प्यालात, उरलेलं परत माठात ओतायला लावलंत. आणि धोतराच्या सोग्यातून कागदाची पुडी काढलीत. शांताची जोडवी मोडून भोकरच्या सोनाराकडून तुम्ही टाक करून आणला होता. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. आमच्यात रीतच आहे, पहिली बायको सवाष्ण मेली तर दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे मेलेलीचा मान राहतो आणि घराला त्रास होत नाही. तुम्ही म्हणालात की हा घातला की तुमच्या घरात माझी लेक नांदली असं मी समजंन, मग पोरीचं बघू. मी मान हलवली. तुमच्यापुढं मी कधी मान हलवली नाही असं झालंय का?

विमलनं तो टाक हातात घेतला, खूप वेळ बघितला, पुन्हा पुडीत बांधून माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, मी तिच्या नावानं दरवर्षी सवाष्ण जेवू घालीन, तिच्या पोरीला पोटच्यासारखं करीन, पण हे गळ्यात घालणार नाही. मी विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, "हो. टाकाची नाही, तुमची. माझ्या तोंडाकडं बघायच्या आधी तुम्ही रोज ह्याच्याकडं बघाल." मी वाद घातला. रीत सांगितली, तुमचं नाव सांगितलं, पोर मिळणार नाही हेही सांगितलं. ती रडली, पण बधली नाही. आणि मी काय केलं? तुम्हाला पत्र लिहिलं की विमलनं टाक गळ्यात घातला. वर लिहिलं इकडील सर्व क्षेम आहे. खाली पुन्हा लिहिलं इकडील सर्व क्षेम आहे. पेटीत टाकल्यावर माझ्या ध्यानात आलं. पेटीच्या फटीत मी बोटं घालून बघितली, मामा. निघालं असतं तर काढलं असतं.

तुमचं उत्तर आलं त्यात टाकाचा शब्द नव्हता. अंजूला गोवर आलाय एवढंच होतं. मला वाटलं झालं, शांता चिडली. पुडी ट्रंकेत पडून होती. पोरीचा ताप उतरेना, आणि विमलला पुन्हा विचारायची माझी छाती होईना. तेव्हा मी जे केलं ते कुणी पुरुषानं केलेलं मी ऐकलेलं नाही. टाकाला दोरा ओवला आणि माझ्या कमरेच्या करदोड्यात बांधला. शर्टाच्या आत, पँटच्या आत, कुणाला दिसायचा नाही. अंजूचा गोवर उतरला. गोवर आपोआपच उतरतो हे मलाही कळतं. पण सोडायची हिंमत कुठून आणू? टेबलावर बसून मी टँकरची पत्रं टाइप करायचो आणि तो टाक पोटाला टोचत राहायचा. मला ते बरंही वाटायचं. विमलच्या नजरेतून सुटणं तर शक्यच नव्हतं. माझा जुना करदोडा विरला होता; एक दिवस बघतो तर तिनं नवा जाड आणून उशाशी ठेवला होता, तुटून टाक पडू नये म्हणून.

आता तुम्ही शब्द दिलात त्या दिवसाचं. संक्रांत झाली होती. मी तुमच्याकडं आलो, एकटाच, विमलला अजून आणायची छाती नव्हती. विहीर तळाला गेलेली, घरात आंघोळीला प्रत्येकी एक तपेलं. मामी, मेव्हणा दिगंबर आणि त्याची बायको रानात गेले होते, अंजू शाळेत. जावयाला पाणी विसणून द्यायचं ही तुमच्या घरची पद्धत, शांता गेल्यावरही तुम्ही ती मोडली नाहीत. मी दगडावर बसलो. तुम्ही म्हणालात, पाणी थोडं हाय, मी घालतो, तुम्ही अंग चोळा. पंचा ओला होऊन खाली सरकला आणि तुमचा हात थांबला. तपेल्यातलं पाणी माझ्या खांद्यावर थेंब थेंब पडत होतं. मला वाटलं आता तुम्ही मला अंगणातून हाकलून देणार आणि पोरीचं तोंड मला पुन्हा दिसणार नाही. मी डोळे मिटून घेतले.

तुम्ही उरलेलं पाणी सावकाश घातलंत. पाठ चोळलीत. मग माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "पत्र वाचलं तवाच कळलं होतं मला, खोटं हाय म्हणून. पर टाक तुमच्या अंगावर आसंल असं वाटलं न्हवतं." मी काहीतरी पुटपुटलो. तुम्ही हातानं थांबवलंत. "ती तुमची बायको होती, बापू. हिची कोण लागत होती? माझंच चुकलं. टाक करायचा तर तुमच्यासाठीच करायला पाहिजे होता."

एवढं बोलून तुम्ही जानव्यासारखा खांद्यावर टाकलेला पंचा माझ्याकडं फेकलात आणि तोंड फिरवलंत. मी अंग पुसेपर्यंत तुम्ही तिकडंच बघत होतात. मग म्हणालात की परीक्षा झाली की घेऊन जा पोरीला. मी विचारलं, मामींना? तुम्ही म्हणालात, तिला मी सांगतो सवडीनं, एकदम सांगितलं तर हाय खाईल. दिगंबर घरात आहे, सून आहे, पण तिचा जीव पोरीत. घाई करू नका, मी बघतो.

मी तुमच्या पाया पडलो का? नाही पडलो. शब्द ऐकून मला एवढी धास्ती बसली की हा शब्द बदलायच्या आत इथून निघावं असं झालं. दुपारची बस धरली. तुम्ही फाटकापर्यंत आलात. आभार मानायचे राहिले, माफी मागायची राहिली. एक विचारायचंही राहिलं, की पत्र खोटं आहे हे तेव्हाच कळलं होतं तर तुम्ही इतके महिने गप्प का होतात. मला वेळ देऊन राहिला होता, की तुम्हीही कशाला तरी भीत होतात?

तार आली तशी विमल म्हणाली, मी येते. मी म्हणालो, तिथं सगळ्या बाया तुझ्या गळ्याकडं बघतील. ती म्हणाली, बघू देत. आणि बघितलंच, मामा. तुम्हाला पोचवून आम्ही परतल्यावर घरात रडणं थोडं ओसरलं, तशा मामींनी तिला समोर बसवून विचारलं की टाक कुठं आहे. विमलनं सरळ सांगितलं, मी घातला नाही. मामींनी माझ्याकडं बघितलं. पत्र त्यांनाही तुम्ही वाचून दाखवलं होतं, जसं लिहिलं होतं तसं. खोटं आहे हे मात्र सांगितलं नव्हतं. आता तेरा दिवस मला त्या घरात काढायचे होते, आणि माझा शब्द तर पहिल्याच दिवशी मातीत गेला होता. तुम्ही स्वतः दिलेला शब्द मी आता कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

त्या तेरा दिवसांत विमल कशी वागली ते तुम्ही बघायला पाहिजे होतं. घराला सुतक, पाहुणे येऊन राहिलेले, आणि पाणी एकाच विहिरीला, गावाबाहेरच्या. ती म्हणाली, मला कुठं सुतक आहे, मी तुमची कुणीच नाही. सकाळी बायांच्या रांगेत घागर घेऊन उभी राहायची. चूल तिनं सांभाळली, देवापुढं दिवा तिनं लावला. मामी ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या आणि नुसत्या बघायच्या. अंजूची परीक्षा त्याच दिवसांत होती. नवव्या दिवशी पोरगी शाळेला निघताना फणी घेऊन विमलपुढं जाऊन बसली, आपणहून. मामींनी तेही बघितलं. मी मात्र गोठ्यात, रानात, जिथं कुणी नसेल तिथं वेळ काढत होतो आणि रोज ठरवत होतो की आज बोलायचं.

बोललो ते चौदाव्या दिवशी, निघायच्या वेळी, पिशव्या भरून झाल्यावर. तुमचा शब्द सांगितला. कुठं, कधी, काय म्हणालात, सगळं. टाक कमरेला आहे हेही सांगितलं. दिगंबरनं तोंड वाकडं केलं. म्हणाला, टाकाचंबी असंच पत्र लिहिलं होतं तुम्ही. मामी म्हणाल्या की ते मला सांगितल्याशिवाय बाजाराची पिशवीसुद्धा घेऊन जात नव्हते, आणि पोर द्यायचं कबूल करतील? त्या विमलकडं वळल्या. "तू सांग गं. ते असं म्हणले होते?"

माझं सगळं आयुष्य त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं. तिनं नुसतं 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती म्हणाली, "मी नव्हते तिथं. ऐकलं नाही ते ऐकलं म्हणून सांगणार नाही."

मी ओसरीच्या खांबाला धरलं. झालं, संपलं सगळं, असं वाटलं. मामी आत गेल्या आणि अंजूची कापडाची पिशवी घेऊन आल्या. पिशवी भरलेली होती. कधी भरली होती कुणास ठाऊक. विमलच्या हातात देऊन म्हणाल्या, "तुमच्या घरात एक तरी माणूस खरं बोलतंय. पोर हिच्या भरवशावर देते. तुमच्या न्हाई. आन् त्यांच्या शब्दावरबी न्हाई, कारण तसा शब्द त्यांनी दिलाच न्हाई." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

बसमध्ये अंजू खिडकीशी, मधे विमल, कडेला मी. लोहा मागं पडलं. रानं उघडी पडली होती, झाडांना पानं नव्हती. मग अंजू बाहेर बघत बघतच म्हणाली की आजोबा म्हणले होते, परीक्षा झाली की बाबा न्यायला येतील. मी विमलच्या पुढून वाकून विचारलं, कधी म्हणले होते? म्हणाली, संक्रांतीनंतर, तुम्ही येऊन गेलात त्या दिवशी. शाळेतून येताना म्हणले. आजीला सांगू नको, मी सांगणार हाय, असं म्हणले.

"मग तिथं का बोलली नाहीस, बाळा?"

"मला कुणी विचारलंच न्हाई," ती म्हणाली.

खरंच की. तिथं पाहुणे होते, दिगंबर होता, आम्ही सगळे तिच्यावरून बोलत होतो, आणि ती दारात पिशवीएवढी उभी होती. तिला कुणी विचारलं नाही.

अहमदपूरला बस चहासाठी थांबली. पलीकडं नांदेडची गाडी उभी होती, तोंड उलटीकडं करून. मी उतरलो. माझ्या मनात एकच होतं, पोरीला घेऊन माघारी जायचं, मामींसमोर उभं करायचं आणि म्हणायचं, घ्या, विचारा हिला. जन्मात एकदा मी खरं बोललो होतो आणि त्याला साक्षीदार मिळाला होता. विमल खिडकीतून माझ्याकडं बघत होती. जा म्हणाली नाही, जाऊ नका म्हणाली नाही.

मग मला मामींचं ते वाक्य आठवलं, मला सांगितल्याशिवाय ते काही करत नव्हते. आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या तेच सांगत असतील. अंजू गेली, तुम्ही गेलात, घरात त्यांच्याकडं दुसरं राहिलंय काय? अंजूला नेऊन मी खरा ठरलो असतो, पण तुम्ही त्यांच्यापासून लपवलंत हेही त्याच वेळी उघडं पडलं असतं. मी चहा अर्धा प्यायलो आणि लातूरच्या गाडीत येऊन बसलो.

तर मामा, मामींच्या लेखी मी खोटा आहे आणि तुम्ही खरे. तसंच राहू देतो. लोक आपल्याला काय म्हणतील ह्याला मी आयुष्यभर भीत आलो, पण ह्या एका गोष्टीची भीती मला वाटत नाही. अंजूला मी काही बजावलं नाही. आजीला सांगू नको असं तुम्ही तिला सांगून ठेवलंय, आणि आजीला सांगणार होतात ते तुम्ही आता परत येणार नाही, तेव्हा ती कधीच सांगायची नाही.